शेळीच्या मांडीतील पाण्याची गाठ

शेळीच्या अंगावर आलेली प्रत्येक गाठ गळूच असते असे नाही. मांडी, खांदा, मान किंवा कंबर या ठिकाणी कातडीखाली अथवा स्नायूंच्या मध्ये लिंबाएवढी, कधी त्याहून बरीच मोठी, मऊ गाठ आढळते. ती हातास गरम लागत नाही, दाबली तरी शेळी सहसा अंग चोरत नाही, आणि कित्येक आठवडे लोटले तरी पिकत नाही. अशी गाठ कुत्र्याच्या पट्टकृमीची पिशवी असण्याचा संभव असतो.

मेंढीच्या मेंदूत अशीच पिशवी वाढली म्हणजे मेंढी एकाच बाजूस गोल फिरू लागते, हे धनगर बंधूंनी पाहिलेले असते. शेळीत मात्र ती मांसातही वाढते व त्यामुळे ओळखू येत नाही. मांसात वाढणाऱ्या या कृमीस हॉल या शास्त्रज्ञाने १९१६ साली 'गायगेरी' हे नाव दिले. आज पुष्कळ शास्त्रज्ञ तो मेंदूतील कृमीचाच एक प्रकार मानतात.

पिशवीत स्वच्छ पाणी असते आणि आतील पातळ पडद्यास कणीसारखे पांढरे ठिपके पुंजक्यांनी चिकटलेले असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका कृमीचे डोके होय. एका पिशवीत अशी शेकडो डोकी असू शकतात. गाठ गळू समजून वस्तऱ्याने फोडावी, पडदा उकिरड्यावर फेकावा व तो राखणीच्या कुत्र्याने खावा, हे अनेक ठिकाणी घडते. मग सुमारे सहा आठवड्यांत कुत्र्याच्या आतड्यात कृमी पूर्ण वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे कुरणात पडतात आणि चाऱ्याबरोबर इतर शेळ्यांच्या पोटात जातात.

डाग देणे किंवा बिब्बा घालणे निरुपयोगी आहे. शेळीस यातना तेवढ्या होतात. पिशवी शस्त्रक्रियेने अखंड काढावी लागते व त्यानंतर शेळी बहुधा बरी होते. पोटाखालची गाठ कदाचित अंतर्गळ असेल, ती फोडल्यास आतडेच कापले जाईल. म्हणून ग्रामसेवकांनी सुई टोचून पाहण्याच्या भरीस न पडता जनावर पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवावे.

काढलेली पिशवी जाळावी किंवा खोल पुरावी. खाटकानेही गाठीचे मांस व मुंडके कुत्र्यांपुढे टाकू नये. कळपातील कुत्र्यांस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्राझिक्वांटेल हे औषध दर किलो वजनास ५ मिलिग्रॅम या प्रमाणात द्यावे, दीड महिन्याने पुन्हा द्यावे, आणि औषधानंतर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवून त्याची विष्ठा पुरावी. ही अंडी पोटात गेल्यास माणसासही क्वचित अशी पिशवी होते. कुत्र्यास हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.