संकराचे पिल्लू आणि आपली जबाबदारी



गेल्या महिन्यात शनिशिंगणापूर रस्त्यालगतच्या वस्तीवरील एक सभासद ऊसनोंदीसाठी शेतकी खात्यात आले होते. नोंद झाली, चहा झाला आणि उठता उठता त्यांनी विचारले, "आमची गावठी कुत्री माजावर आलीय. पाहुण्यांकडं जर्मन शेफर्ड आहे. जोड लावली तर वस्तीला दणकट राखणदार मिळंल, उरलेली पिल्लं विकता येतील. करावं का?" असाच प्रश्न यापूर्वीही दोघातिघांनी केला होता, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

शिंगणापूरची घरे बिनदाराची, हे सर्वांना ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेने तेथे बिनकुलपाची शाखा उघडली. परंतु रात्री चौकटीला फळी टेकवून ठेवण्याची रीत तेथेही आहे. ती चोरासाठी नव्हे, कुत्री आत शिरू नयेत म्हणून! तेव्हा आपल्या भागात चोरापेक्षा कुत्र्याचा विचार अधिक करावा लागतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

संकर म्हणजे काय, हे ऊस उत्पादकाला सांगायला नको. कोईमतूरच्या केंद्रात टी. एस. वेंकटरामन यांनी जाडा ऊस आणि रानटी काशाचे गवत यांचा संकर केला, त्यातून निघालेला को २०५ हा ऊस १९१८ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आज आपण लावतो तो को ८६०३२ असो की फुले २६५, सगळी संकराचीच लेकरे. मग कुत्र्याच्या संकराला नाक का मुरडायचे?

येथेच मुद्दा आहे. ऊस संशोधन केंद्रात संकरातून हजारो रोपे उगवतात. वर्षानुवर्षे पारख करून त्यातले एखादे ठेवतात, बाकीची उपटून टाकतात. उपटलेल्या रोपाला काही दुःख होत नाही. कुत्रीच्या एका वेताला मात्र चार-सहा, कधी आठही पिल्ले होतात. मनासारखे एक निघाले तर बाकीची कोठे उपटून टाकायची? दुसरे असे की, उसात चांगला वाण सापडला की बेणे लावून तोच वाण हजारो एकरांवर जसाच्या तसा नेता येतो. कुत्र्याला टिपरी नाही. संकराच्या दोन कुत्र्यांची जोड लावली की पुढची पिल्ले पांगतात. कोणी आजोबावर जाते, कोणी आजीवर, तर कोणी दोघांचेही दोष घेऊन येते.

गाईच्या बाबतीत हा धडा आपण गिरवलेला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या रक्तातून 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली. संकरित गाईंनी दुधाचे पैसे घरात आणले, हे कोण नाकारील? पण गोऱ्ह्यांचे काय झाले? वशिंड नाही म्हणून जू नीट बसत नाही, ट्रॅक्टर आल्याने बैलाला काम नाही, २०१५ च्या कायद्याने कसायाकडेही जात नाहीत. रस्त्यावर मोकाट फिरणारे गोऱ्हे आपणच जन्माला घातलेले आहेत. आधी पुढचा विचार केला नाही, एवढेच.

परदेशातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियात अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. एका अंध बाईंच्या यजमानांना कुत्र्याच्या केसांचा त्रास होई. म्हणून कॉनरन यांनी १९८९ साली लॅब्रॅडोर आणि पूडल यांची जोड लावली. तीन पिल्ले झाली, त्यांतले एकच त्या यजमानांना चालले. उरलेल्या दोघांना कोणी घेईना, तेव्हा 'लॅब्रॅडूडल' असे नवे नाव दिले आणि मग जगभर मागणी सुरू झाली. आईबापांची तपासणी न करता कोणीही पिल्ले काढू लागले. पुढे कॉनरन यांनी स्वतःच या प्रकाराबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्यांच्यापुढे एक अडलेले माणूस होते. पुढच्यांना दिसत होती ती किंमत.

संकराचे पिल्लू हमखास काटक, ही समजूतही अर्धीच खरी आहे. जर्मन शेफर्ड आणि लॅब्रॅडोर या दोन्ही जातींत मागच्या खुब्याच्या सांध्याचा दोष आढळतो. दोघांची जोड लावल्याने तो पळून कसा जाईल? शिवाय दाट केसांचे पिल्लू निघाले तर आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात त्याचे काय हाल होतात ते पाहवत नाही. लहान चणीच्या कुत्रीला थोराड नर दाखवला तर विताना अडण्याची भीती असते, ती वेगळीच. आणि खरे सांगायचे तर आपले गावठी कुत्रे या उन्हात, या भाकरीवर शेकडो पिढ्या निवडून निघालेले आहे. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

आता बिबट्याचे. उसाच्या फडात बिबट्या असतो म्हणून दांडगे कुत्रे हवे, असे बरेच जण म्हणतात. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला. त्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव व मोकाट कुत्र्यांचा निघाला. म्हणजे ज्याला आपण राखणदार म्हणतो ते बिबट्याचे मुख्य अन्न आहे. साखळीने बांधलेले कुत्रे, मग ते कितीही उंच जातीचे असो, आमिषच ठरते. आणि आमिष ओसरीजवळ असेल तर लेकरेही ओसरीवरच निजतात, हे विसरू नये.

विक्रीचे म्हणाल तर २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. १८ महिन्यांच्या आतील मादीची जोड लावता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. आमच्या पाहण्यात तर महिन्याभराची पिल्ले पिशवीतून बाजाराला येतात. नर खपतात, माद्या कोणी घेत नाही आणि त्या बाजारतळावर किंवा भाविकांच्या वाटेवर सोडल्या जातात. शनिवारी काळ्या कुत्र्याला भाकरी घालून पुण्य घ्यायचे आणि रविवारी मादी पिल्ले चारीला सोडायची, हा हिशेब आम्हाला तरी जुळत नाही.

संकर करणे हे पाप आहे, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक पिल्लाचे घर आधी ठरलेले असावे, आईबाप डॉक्टरांकडून तपासलेले असावेत, न खपलेले पिल्लू मरेपर्यंत स्वतः सांभाळण्याची तयारी असावी. एवढे असेल तर ज्याचा त्याने विचार करावा. नसेल तर जोड लावू नये, असे आम्ही त्या सभासदांना स्पष्ट सांगितले.

ते थोडे हिरमुसले. "पाहुण्यांना काय सांगू?" म्हणाले. मात्र पुढच्या आठवड्यात कुत्रीचा माज उतरेपर्यंत तिला कोठीत ठेवल्याचे त्यांनी कळवले. तिच्या नसबंदीसाठी आणि रेबीजच्या लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात तारीखही विचारून आले आहेत. रात्री तिला साखळीऐवजी जाळीच्या बंद खोपट्यात ठेवायचे ठरले असून जाळी आणायची तेवढी बाकी आहे.