तीन अर्धायुष्यांचा दिवस

सकाळी 7.15
किरणोत्साराचा डोस मोजणारा टीएलडी बॅज छातीला लावायचा, हातमोजे चढवायचे आणि हॉट लॅबमध्ये शिरायचं. पहिलं काम जनरेटरचं. किरणोत्सारी द्रव्यं पुरवणाऱ्या वाशीच्या 'ब्रिट'मधून आलेल्या या शिशाच्या कवचात मॉलिब्डेनम-99 असतं आणि त्याच्या क्षयातून टेक्नेशियम-99एम तयार होत राहतं. एका टोकाला सलाइन, दुसऱ्या टोकाला निर्वात व्हायल लावली की टेक्नेशियम धुऊन खाली उतरतं, मॉलिब्डेनम आतच राहतं. तरी थोडं निसटलं नाही ना, हे रोज तपासायचं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य 66 तास, म्हणून जनरेटर आठवडाभर चालतो. टेक्नेशियमचं 6 तास, म्हणून आजचं आजच संपवायचं.

तिसरं अर्धायुष्य अकराच्या पेशंटच्या छातीत असेल. ते कुठल्या तक्त्यात सापडत नाही, मोजावंच लागतं.

8.00
डीटीपीए या संयुगाच्या कोल्ड, म्हणजे किरणोत्सार नसलेल्या, किटमध्ये टेक्नेशियम घालून व्हायल हलवायची. तयार झालेल्या रेणूचा भार साधारण 490. तो पाण्यात छान विरघळतो, स्निग्धात नाही. पेशीचं आवरण स्निग्ध असल्यामुळे ऑक्सिजन किंवा भुलीचा वायू त्यातून सरळ आरपार जातो. आमच्या रेणूला ती वाट बंद. त्याला उरते फक्त दोन पेशींमधली फट. फुप्फुसातल्या वायुकोशांच्या अस्तरात आम्हाला मोजायची आहे तीच.

कागदाच्या पट्टीवर शुद्धता बघायची. डीटीपीएला न चिकटलेलं सुटं टेक्नेशियम फुप्फुसातून काही मिनिटांत पळतं. ते जास्त असेल तर दोष किटचा आणि नाव फुप्फुसाचं.

9.00
व्ही-क्यू स्कॅन. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय असलेल्या एक बाई; मूत्रपिंडं नाजूक म्हणून सीटीचं कॉन्ट्रास्ट देता येत नाही. आधी डीटीपीएचे तुषार हुंगवून हवा कुठे पोचते ते बघायचं, मग शिरेतून एमएएचे कण देऊन रक्त कुठे पोचतं ते. या तपासणीत तुषार फुप्फुसात टिकून राहिले तरच चित्र नीट येतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पेशंटमध्ये ते चित्र पुरं होईपर्यंतच ओसरायला लागतात, आणि आमची धावपळ होते.

11.00
त्या अस्तराच्या फटी मोजण्याच्या आमच्या अभ्यासातला पेशंट. साठीकडे झुकलेले काका, बिडी जुनी. अर्जावर शेवटची बिडी कधी ओढली ते लिहून घेते. "सकाळीच, सिस्टर. बाहेर, गेटवर."

नाकाला चिमटा, तोंडात नेब्युलायझरची नळी, शांत श्वास. थेंब एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक हवेत. जाड थेंब घशात आणि मोठ्या श्वासनलिकांतच बसतात. नेब्युलायझरमध्ये घातलेल्यातला अगदी थोडा भाग वायुकोशांपर्यंत जातो. तेवढा पुरतो.

मग पाठ कॅमेऱ्याला लावून अर्धा तास बसायचं. थोड्या वेळाने काका विचारतात, "मशीन चालू आहे ना? आवाजच नाही."

"चालू आहे, काका. ते तुमच्यावर काही सोडत नाही, तुमच्याकडून येतंय ते टिपतंय. हलू नका फक्त."

पडद्यावर दोन्ही फुप्फुसं उजळलेली. दहा मिनिटांनी खाली, कमरेच्या वर, दोन नवे ठिपके दिसू लागतात. ती मूत्रपिंडं. रेणू अस्तर ओलांडून रक्तात गेला, रक्तातून मूत्रपिंडात आला. आता थोड्या वेळाने काकांना भरपूर पाणी पाजायचं.

त्या अस्तराचा पसारा सुमारे 70 चौरस मीटर. बहुतेक सगळा भाग चपट्या, अतिशय पातळ पेशींनी झाकलेला. हवा आणि रक्त यांच्यातलं अंतर कित्येक ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. फरशी बसवलेल्या जमिनीत पाणी मुरतं ते फरशीतून नव्हे, सांध्यांतून, इथेही तसंच. पलीकडच्या केशवाहिनीचे सांधे बरेच सैल असतात, त्यामुळे खरा अटकाव या अस्तराचा. तो ढिला पडला की आतलं बाहेर जातं, तसं रक्तातलं पाणी आणि प्रथिनंही वायुकोशात शिरू शकतात.

दुपारी 12.15
संगणकावर उजव्या फुप्फुसाभोवती रेघ आखायची. छातीच्या भिंतीतल्या रक्तातूनही मोजणी येते, ती वजा करायची. मग अर्ध्या तासात टेक्नेशियम आपसूक साडेपाच टक्क्यांनी घटलं, तीही दुरुस्ती. उरलेली उतरण फक्त अस्तराची. न ओढणाऱ्या निरोगी माणसात निम्मं निघून जायला तासभर किंवा जास्तच लागतो. काकांचं वीसेक मिनिटांवर येतं.

2.00
डबा. सकाळचं टेक्नेशियम आता निम्म्याच्याही खाली. त्याच डोससाठी सिरिंजमध्ये दुपटीहून जास्त ओढावं लागतं.

3.00
दुसऱ्या पेशंट, फुप्फुसं घट्ट होत चाललेल्या बाई. आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही, तरी उतरण तीव्र.

5.00
डॉक्टरांबरोबर रिपोर्ट. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर कुणाचा कुठला ते ओळखता येणार नाही. ही तपासणी संवेदनशील आहे, पण रोगाचं नाव सांगत नाही. धूर, सूज, अतिदक्षता विभागातलं गंभीर फुप्फुस, सगळ्यांत रेणू घाईने निघतो. व्हेंटिलेटरने फुप्फुस जास्त फुगवलं तरीही. म्हणून रिपोर्टात आकडा लिहायचा, निदान नाही.

काका बाहेर थांबलेले असतात. "सोडली तर भरून येईल का?" डॉक्टर सांगतात: 1980च्या सुमारास इंग्लंडमध्ये हीच तपासणी ओढणाऱ्यांवर झाली. सिगारेट सोडल्यावर आठवड्याभरात सुधारणा दिसली. न ओढणाऱ्यांची बरोबरी मात्र इतक्यात झाली नव्हती.

6.00
नळ्या, चिमटे, हातमोजे तारीख घालून शिशाच्या पेटीत. दहा अर्धायुष्यं, म्हणजे 60 तास उलटले की हजारातला एक भाग उरतो. मग मीटरवर तपासून साध्या कचऱ्यात. टेबलं, लादी, स्वतःचे हात मीटरखाली धरायचे, वहीत आकडे भरायचे.

मॉलिब्डेनमचे 66 तास आणि टेक्नेशियमचे 6 तास आमच्या कुठल्याही प्रयत्नाने पुढेमागे होत नाहीत. काकांच्या वीस मिनिटांचं तसं नाही. त्यांच्या कार्डावर तीन आठवड्यांनंतरची तारीख टाकते. 'शेवटची बिडी' हा रकाना तेव्हा त्यांनाच भरायला देईन.