तळपायाची कैफियत

दिवसा जांभ्याच्या पाखाडीवरून अनवाणी हिंडणाऱ्या आमच्या मामांना रात्री पायांवर चादरीचा स्पर्शदेखील असह्य होऊ लागला, तेव्हा कुठे आपल्या १६ वर्षांच्या मधुमेहाची दखल घ्यावी असे त्यांच्या मनात आले, आणि भर श्रावणात मी त्यांना घेऊन रत्नागिरीतील एका डॉक्टरांपुढे हजर झालो.

तळव्यांची आग, मुंग्या, मधूनच चमकून जाणारी कळ, ही कैफियत सविस्तर ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी बोटांच्या बेचक्यांत पावसाळी चिखल्या आहेत का ते पाहिले आणि दांडीत बसवलेला नायलॉनचा एक तंतू काढला. हा तंतू त्वचेवर टेकवून वाकेपर्यंतच दाबायचा, म्हणजे दाब १० ग्रॅमचाच पडतो. हातावर त्याची ओळख करून देऊन त्यांनी मामांना डोळे मिटायला लावले. ‘लागलं की हो म्हणा, काका.’ बराच वेळ निःशब्द गेल्यावर मामाच म्हणाले, ‘अहो डॉक्टर, सुरू कधी करताय?’ तोवर अंगठ्यावर आणि चवड्यावर मिळून तो तंतू चार ठिकाणी वाकून गेला होता!

रात्रभर आक्रोश करणारा पाय तोच हा मुका पाय. बोटांपर्यंत पोचणाऱ्या नसा सर्वांत लांब, म्हणून वाढलेल्या साखरेचा उपद्रव प्रथम त्यांना. दुखावलेली नस आधी खोटी वर्दी देते आणि पुढे खरीही देईनाशी होते. चरकसंहितेतही प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांचा दाह आणि बधिरता जोडीनेच सांगितली आहेत.

रात्रीसाठी प्रीगॅबलिनची अल्प मात्रा मिळाली. हे औषध फेफऱ्यावरही देतात असे कळताच मामा दचकले. तेव्हा नसांचा अवाजवी गलबला शांत करणे हेच त्याचे कार्य, असा खुलासा झाला. मात्रा हळूहळू वाढणार होती, झोप व घेरी येण्याचा संभव होता, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असल्याने बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही ठरली. ‘आग कमी होईल, नस मात्र यानं दुरुस्त होणार नाही,’ डॉक्टर म्हणाले, आणि साखरेच्या बंदोबस्ताबरोबरच गरम पाण्याच्या शेकाला व अनवाणी चालण्याला त्यांनी सक्त मनाई केली.

तीन आठवड्यांत झोप परतली. मनाई विसरून मामा एकदा मांडवीच्या वाळूत चपला हातात घेऊन फिरून आले, आणि रात्री दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून तळवे न्याहाळताना टाचेत रुतलेली शिंपल्याची कपची त्यांना दिसली. ‘हिची वर्दी कुणीच दिली नाही,’ एवढेच म्हणून, सकाळ होताच त्यांनी स्वतःहून रिक्षा बोलावली.