मोटारीचा किरकोळ अपघात आणि विम्याचा दावा



लातूरहून सकाळी निघून अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडास जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करा. मोटार मुलगा हाकीत आहे. त्याचा परवाना अद्याप शिकाऊ असल्यामुळे पक्का परवाना असलेले वडील शेजारी बसले आहेत आणि मोटारीवर तांबडे ‘एल’ अक्षर लाविलेले आहे. दिवस ऊसतोडीचे. पुढे चाललेली उसाची ट्रॉली एकाएकी थांबते आणि मोटार तिच्यावर आदळते. सुदैवाने कोणास इजा होत नाही. बंपर फुटतो, मडगार्ड चेपते. इतक्यात चार माणसे जमतात आणि सल्ले सुरू होतात. “येथेच मिटवून टाका.” “अगोदर दुरुस्ती करा, विम्याचे मागाहून पाहू.” आणि सर्वांत घातक सल्ला हा, की “गाडी वडीलच चालवीत होते असे लिहून द्या.”

दावा फसतो तो बहुधा या पहिल्या तासातील सल्ल्यांमुळे. म्हणून त्या तासात काय करावे, हे क्रमाने पाहू.

प्रथम माणसाचा विचार. कोणी जखमी असेल तर त्यास उपचार मिळवून देणे, चोवीस तासांच्या आत पोलिसांस वर्दी देणे आणि विमा कंपनीस लेखी कळविणे, ही कर्तव्ये मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 134 ने चालकावर घातलेली आहेत. त्यानंतर दोन्ही वाहनांचे क्रमांक, जागा आणि वेळ टिपून घ्यावी. वाहने हलविण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. समोरच्याशी सौजन्याने बोलावे. परंतु कंपनीच्या लेखी संमतीवाचून दोष कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये, पैसेही देऊ नयेत. ही पॉलिसीतीलच एक अट आहे.

कंपनीस त्वरित कळवावे आणि तिच्या सर्व्हेअरने मोटार पाहिल्यावाचून दुरुस्तीस हात लावू नये. नुकसान किती झाले याचा पुरावा म्हणजे ते फुटलेले भागच होत. ते बदलून टाकल्यावर सर्व्हेअरने पाहावे तरी काय?

मात्र आपली पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावे. कायद्याने सक्तीचा आहे तो तिऱ्हाइताचा, म्हणजे ‘थर्ड पार्टी’ विमा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीस तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. यामुळे पुष्कळांस वाटते, की आपली मोटार तीन वर्षे सुरक्षित आहे. परंतु आपल्या स्वतःच्या बंपरचा पैसा त्यातून मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा विमा चालू असावा लागतो. तो असेल, तर चूक कोणाची हा प्रश्न भरपाईच्या आड सहसा येत नाही.

आता हिशेब. आपल्या कुटुंबाची मोटार साडेतीन वर्षांची धरू आणि बिल 10,000 रुपयांचे: बंपर 4,000, मडगार्ड 3,000, मजुरी 2,000, रंग 1,000. प्लास्टिकवर निम्मा घसारा कापला जातो. या वयाच्या मोटारीच्या धातूच्या भागावर शेकडा 25, आणि रंगाच्या किमतीवर निम्मा. मजुरी पूर्ण मिळते. उरले 6,750. त्यातून, 1,500 सीसीपर्यंतच्या मोटारीच्या मालकाने प्रत्येक दाव्यात सोसावयाचे 1,000 वजा जाता हाती येतात 5,750.

आता दुसरी बाजू पाहा. दावा न करणाऱ्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात वर्षागणिक शेकडा 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 अशी सूट मिळते. यासच ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. एक दावा केला की ती शून्यावर येते व पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. मूळ हप्ता 6,000 आणि तो स्थिर धरला, तर या कुटुंबाची गमावलेली सूट पाच वर्षांत 7,200 रुपये भरते! म्हणजे 5,750 मिळविण्यासाठी 7,200 घालविले. घसारा न कापण्याची अथवा सूट राखण्याची पुरवणी घेतली असेल, तर हा हिशेब पालटतो. नुकसान मोठे असेल तर दावा अवश्य करावा. परंतु आधी कागदावर आकडे मांडावेत.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्यात उत्तर न आले, अथवा समाधान न झाले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. नांदेड व लातूर हे जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतात. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र एक वर्षाच्या आत अर्ज करावयास हवा.

आता त्या मुलाकडे परत वळू. शिकाऊ परवाना, शेजारी पक्का परवानाधारक आणि ‘एल’ हे अक्षर, हे सारे नियमास धरूनच होते. आणि नियम पाळून चालविणाऱ्या शिकाऊ चालकास पॉलिसीत मुभा आहे. म्हणजे खरे सांगितले असते तर दावा मान्य होण्यासारखा होता. वडिलांचे नाव लिहिल्याने मात्र तो खोटा ठरण्याची वेळ येते, आणि शेजारी बसलेल्या मुलास मिळतो तो धडा निराळाच. बंपर नवा बसविता येतो, श्रोतेहो; पण बापाने मुलादेखत केलेली खोटी सही पुसता येत नाही.