कानांनी वाचायची पत्रं

सकाळी ६.३०

रात्रीतून आलेली पत्रं चहाच्या आधी ऐकून घ्यायची, हा माझा नेम. आमचा आधारगट मोठेपणी नजर गेलेल्या किंवा जात असलेल्या माणसांचा आहे. कोणाला काचबिंदू, कोणाचा पडदा मधुमेहाने खराब केलेला, काही जण माझ्यासारखे आरपीचे, म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोसाचे. यात आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजरेचा घेर कडेकडून आत येत जातो. पुण्यात बसून मी गटाचं समन्वयाचं काम पाहते. माणसं साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेली, त्यामुळे आमचं बहुतेक बोलणं ईमेलवर आणि फोनच्या मेसेजवर होतं.

यातले बरेच जण मजकूर बघत नाहीत, ऐकतात. त्यासाठी स्क्रीन रीडर असतो, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम: फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, कंप्युटरवर एनव्हीडीए. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतला. आजही तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. आमच्यातल्या निम्म्याअधिक लोकांच्या नोकऱ्या, बँकेचे व्यवहार आणि मैत्र्या त्याच्यामुळे टिकल्या आहेत असं मी बिनदिक्कत म्हणेन.

आजच्या पत्रांत एक नवं आहे, रात्री दोनच्या सुमाराचं. विषयाची ओळ रिकामी. मराठी आहे, पण रोमन अक्षरांत टाइप केलेलं, त्यामुळे इंग्रजी आवाज ते इंग्रजीसारखं वाचत सुटतो. ‘माझे डोळे’चं त्याने ‘मेझ डोल’ केलं. मी बाणाची कळ दाबत अक्षर अक्षर ऐकलं. लिहिणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. काचबिंदूचं निदान नुकतंच झालं आहे. वर्गात शिरताना दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, मुलांच्या लक्षात येऊ लागलं आहे, घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

सकाळी ८.००

दिवसातला सगळ्यात सावकाश लिहायचा मजकूर म्हणजे पहिल्या पत्राचं उत्तर. डोळ्यांनी वाचणारा पानावरून नजर फिरवतो, नको ते गाळतो, मधलीच ओळ उचलतो. ऐकणाऱ्याला ओळीमागून ओळ घ्यावी लागते. म्हणून पहिल्याच ओळीत त्यांचं नाव आणि मी कोण ते. लगेच पुढे पत्रातली नेमकी एक गोष्ट, कारण आपलं पत्र कोणीतरी नीट वाचलं आहे हे त्यांना तिथेच कळायला हवं. मी चौकटीबद्दल लिहिलं: ‘काचबिंदूत आधी कडेचं दिसणं कमी होतं, त्यामुळे खांदा आपटतो. तुमचा वेंधळेपणा नाही हा.’

‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ असं मी लिहीत नाही. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब वेळच्या वेळी घातले, तपासण्या चुकवल्या नाहीत, तर डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवता येतो आणि उरलेली नजर बहुतेकदा सांभाळता येते. एवढंच खरं आहे आणि एवढंच लिहायचं. थेंब कोणते, किती वेळा, हे त्यांच्या डॉक्टरांकडेच.

परिच्छेद दोन-तीन ओळींचे, मध्ये एक ओळ मोकळी, कारण स्क्रीन रीडर एका कळीसरशी परिच्छेद ओलांडतो आणि पुन्हा ऐकायचं असेल तर नेमकं तिथे परत येता येतं. ठळक अक्षरं नाहीत, रंग नाही, चौकट नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला. चार प्रश्न विचारले की माणूस उत्तर पुढे ढकलतो, आणि रात्री दोनला लिहिणाऱ्या माणसाचं उत्तर पुढे ढकललं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

रोमनमधल्या मराठीबद्दल पहिल्या उत्तरात चकार शब्द काढला नाही. मदत मागायला आलेल्या बाईला दारातच टायपिंगचे नियम सांगू नयेत. विषयाची ओळ मात्र मी भरली: ‘तुमच्या पत्राचं उत्तर, काचबिंदू आणि शाळा’. पुढे कधी हे पत्र शोधावं लागलं तर त्यांना सापडेल.

सकाळी १०.००

एका रुग्णालयाचं शिबिराचं निमंत्रण आलं आहे. उघडलं तर स्क्रीन रीडर एवढंच म्हणतो: ‘ग्राफिक’. सगळी माहिती चित्रात. डोळ्यांच्या शिबिराचं निमंत्रण, पाठवलेलं दृष्टी गेलेल्यांच्या गटाला, आणि त्यात वाचता येईल असं एक अक्षर नाही. याचा राग येतो आणि तो यावाच.

एकाच ईमेलमध्ये मजकुराच्या दोन प्रती पाठवायची सोय १९९२ मध्ये ठरलेल्या ‘माइम’ पद्धतीपासून आहे: एक सजवलेली, एक नुसत्या अक्षरांची. साधी प्रत पाठवायला खर्च येत नाही. ती कोणी भरत नाही, इतकंच. चित्रातली अक्षरं ओळखणारी साधनं आता फोनमध्ये आली आहेत, पण देवनागरी जोडाक्षरांत ती अडखळतात, आणि वेळेतला एक आकडा चुकला तर माणूस चाचपडत, रिक्षा करून, भलत्या वेळी पोचतो. मी रुग्णालयात फोन लावला. तिथल्या मुलीने चित्रातलं सगळं वाचून दाखवलं, मी टाइप करून घेतलं. मूळ तक्ता होता: वार आडवे, विभाग उभे. तक्ता कानाला नीट कळत नाही. एकामागून एक चौकोन ऐकताना आपण कोणत्या रकान्यात आहोत हेच हरवतं. मी त्याच्या ओळी केल्या:

सोमवार: काचबिंदू, सकाळी ९ ते १२.
मंगळवार: पडद्याचे आजार, सकाळी ९ ते १२.
गुरुवार: चष्मा आणि भिंगं, दुपारी २ ते ५.

प्रत्येक ओळ आपल्या पायावर उभी राहते. वरचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. हाच मजकूर रुग्णालयालाही परत पाठवला आणि पुढच्या वेळी चित्रासोबत हा द्या अशी विनंती केली. त्या मुलीने आनंदाने कबूल केलं. अशा वेळी माणसं बहुधा ऐकतात. त्यांना आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

सकाळी ११.३०

एका योजनेचं परिपत्रक वर्डच्या फाइलमध्ये, पण जुन्या फॉन्टमध्ये. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट देवनागरीचं नुसतं रूप दाखवत. आत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं. डोळ्यांना मराठी, कानाला निरर्थक बडबड. परिवर्तक वापरून युनिकोड केलं, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार अशा रूपांतरात जागा सोडतात, म्हणून सगळं एकदा ऐकून दुरुस्त करावं लागलं. जेवणाची वेळ टळून गेली.

दुपारी २.३०

गटातली वयस्कर मंडळी अजून बटणांचा फोन वापरतात. बटणं बोटांना कळतात, काच कळत नाही, त्यामुळे तो बदला असं मी त्यांना सांगत नाही. त्यांच्यासाठी साधा एसएमएस. त्याचं गणित कडक आहे. रोमनमध्ये एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यापुढे गेलं की तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘दृष्टी’ या दोन अक्षरी शब्दाचे सहा होतात. बैठकीची आठवण बसवता बसवता आज ही झाली:

‘शनिवारी दुपारी ३ वाजता फोनवर बैठक. नंबर तोच. अडचण आल्यास फोन करा.’

पासष्ट. ‘आपणास कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की’ याला इथे जागाच नाही, आणि ते गेल्याचं कोणाला काही वाटलेलं नाही. दिवस आधी, वेळ नंतर, मग काय करायचं. घरात कोणी नातू हे मोठ्याने वाचून दाखवणार असेल तर त्यालाही एका दमात वाचता येतं.

दुपारी ४.००

शिक्षिकेचं उत्तर आलं. माझ्या एका प्रश्नाला त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं आणि मग खरी गोष्ट विचारली: शाळेत सांगितलं तर नोकरी जाईल का? पहिल्या पत्रात हे कुठेच नव्हतं.

याला मी लगेच लिहिलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातलं कलम २० सांगतं की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये किंवा खालच्या पदावर टाकू नये. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं. स्थानिक स्वराज्य संस्थाही यात येतात, त्यामुळे जिल्हा परिषदेची शाळा आलीच. कलमाचा आकडा आणि कायद्याचं वर्ष वेगळ्या ओळीवर लिहिलं, म्हणजे तेवढंच उचलून कोणाला दाखवता येईल. लिंक शेवटी, एकटी, तिच्या आधी ती कशाची आहे ते सांगून. वाक्यात मध्येच लांबलचक लिंक आली की स्क्रीन रीडर तिच्यातला प्रत्येक तिरपा दांडा वाचत बसतो. आणि आता, या दुसऱ्या पत्रात, एवढं लिहिलं की फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइकचं बटण दाबलं तर बोललेलं देवनागरीत उमटतं. थेंब घातल्यावर डोळे चुरचुरत असताना याचा उपयोग होतो.

त्यांचं पत्र मी कोणाला पुढे पाठवलं नाही. गटात दुसऱ्याही एक शिक्षिका आहेत, त्यांचा फार आधार होईल, पण आधी या बाईंना विचारायचं. त्यांच्या होकाराशिवाय नाव, गाव, शाळा यातलं काही बाहेर जात नाही. सगळ्यांना जाणारं पत्रही मी बीसीसीमध्ये पत्ते घालूनच पाठवते. आपली नजर जाते आहे हे कोणाला, केव्हा सांगायचं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, आणि उघड्या पत्त्यांच्या एका रांगेने तो हिरावला जातो.

मध्येच एका सभासदाने बातमीचं कात्रण पाठवलं, आरपीवर जीन थेरपी सापडली म्हणून. अशी बातमी मी कधी हसण्यावारी नेत नाही. तिच्यामागे आशा असते. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिलेली उपचारपद्धत खरी आहे, पण ती आरपीई६५ या एका जनुकातल्या बिघाडासाठी आहे, आणि आरपीला कारण ठरणारी जनुकं कितीतरी. तुमची जनुकीय तपासणी झाली आहे का ते डॉक्टरांना विचारा, एवढं त्यांना कळवलं.

संध्याकाळी ६.३०

आजचा अवघड भाग. साताऱ्याच्या काकांनी सगळ्यांना लिहिलं होतं की पांढरी काठी हातात घेतली म्हणजे हार मानली. नाशिकच्या एका तरुणाने त्यावर सगळ्यांनाच उत्तर दिलं. देवनागरीत इंग्रजीसारखी लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून मराठी माणूस उद्गारचिन्हांनी ओरडतो, आणि स्क्रीन रीडर ती चिन्हंही उच्चारतो. उत्तराच्या खाली काकांचं अख्खं पत्र, त्याखाली आधीची तीन, प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘>’ ही खूण, म्हणजे कानाला ‘ग्रेटर, ग्रेटर’.

सॅली हॅम्ब्रिज यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक टिपणी लिहिली, आरएफसी १८५५ या क्रमांकाची. ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवा, सही चार ओळींपेक्षा लांबवू नका, असं तिच्यात आहे. ओळीचं ते माप आता मोडीत निघालं. मध्येच तोडलेल्या ओळी फोनवर ऐकताना त्रासच देतात. सहीबद्दलचं म्हणणं मात्र मला आजही पटतं, आणि त्याहून पटतो तिसरा सल्ला: भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवा. आमच्या गटाला मी हाच नियम घालून दिला आहे. त्या काळचे जाणकार उत्तर खाली लिहावं म्हणत. आम्ही वर लिहितो आणि जुनं पत्र कापून टाकतो, कारण ऐकणाऱ्याला उत्तरापर्यंत पोचण्यासाठी अख्खा इतिहास ऐकावा लागू नये.

तरुणाला ईमेल केला नाही, फोन केला. दोन वर्षं काठीशिवाय चालण्याचा हट्ट धरून तो गटारात पडला होता, पाय मोडला होता. त्याने लिहिलेल्या पत्रात यातलं काहीच नव्हतं, नुसता राग होता. ‘हेच लिही ना,’ मी म्हटलं, ‘काकांना उद्देशून नको, स्वतःचं लिही.’ मग काकांना फोन. ते बराच वेळ शेजाऱ्यांच्या नजरांबद्दल बोलत राहिले. त्यांचंही खोटं नाही. वाड्यात चाळीस वर्षं ताठ चाललेल्या माणसाला पहिल्यांदा काठी उघडून दाराबाहेर पडणं जड जातं.

रात्री ९.३०

तरुणाचं नवं पत्र आलं. सहा ओळी, एकही उद्गारचिन्ह नाही, गटार आणि प्लास्टर दोन्ही त्यात आहेत. काकांना आधी ऐकवलं. पाठव म्हणाले. आपल्याला पटलं आहे असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलंही नाही.

विषयाची ओळ बदलून ‘पांढरी काठी: शनिवारी बोलू’ अशी केली, वर माझी एक ओळ घातली, खालची जुनी पत्रं कापली. पूर्ण मजकूर एकदा एनव्हीडीएच्या आवाजात, एकदा फोनवर ऐकला. पत्ते बीसीसीमध्ये आहेत ना ते पुन्हा पाहिलं. पाठवण्याची वेळ सकाळी सातची लावली आहे. आमच्यातले बरेच जण फोन उशाशी घेऊन झोपतात आणि रात्री वाजला की घाबरून उठतात.