तीजन : एका नावाचे कूळ

भिलाईजवळच्या गनियारी गावी, एका पारधी कुटुंबात, १९५६ साली जन्मलेल्या एका मुलीचे नाव पांडवानीच्या गायनाने देशोदेशी गेले आणि २०१९ साली पद्मविभूषण सन्मानाच्या यादीत झळकले. ते नाव तीजनबाई. मराठी कानाला ते अनोळखी वाटते; म्हणून पुष्कळजण त्याला 'तेज' शब्दाकडे ओढू पाहतात. परंतु तेजाचा येथे काडीमात्र संबंध नाही. तीजन म्हणजे तीजेची, तृतीयेची लेक.

संस्कृत 'तृतीया' प्राकृताच्या वाटेने झिजत 'तीज' झाली. ही झीज आपल्या घरातही आहे. द्वितीयेची 'बीज' आपण भाऊबिजेत जपली. 'दुजा', 'तिजा' ही रूपे जुन्या काव्यात आढळतात. आणि तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या गृहस्थाला आपल्या आज्या बिनदिक्कत 'तिजवर' म्हणत.

छत्तीसगडात 'तीजा' हा बायकांचा सर्वांत जिव्हाळ्याचा सण. भाद्रपद शुद्ध तृतीया, म्हणजे आपली हरतालिकाच. तीनच दिवस आधी आपला पोळा येतो. तिकडे त्याला 'पोरा' म्हणतात, आणि दोन्ही सणांचे नाव एका दमात घेतात : तीजा-पोरा. भाऊ किंवा वडील सासरी जाऊन लेकीला घेऊन येतात. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, त्याचे नाव 'करू भात'. दुसऱ्या दिवशी निर्जळ उपास. आपल्या हरतालिकेत उपास आहे, पण माहेरपणाचा हा सोहळा नाही. तो पाहावयाचा तर खानदेशात आखाजीला जावे. तीही तृतीयाच, पण वैशाखातली. म्हणून 'तीजन' या तीन अक्षरांत छत्तीसगडी माणसाला तिथीबरोबर माहेरही ऐकू येते.

तिथीवारांवरून नाव ठेवण्याची चाल तेथे सर्रास आहे. इतवारी, मंगलू, बुधारू, तीजराम ही नावे त्याच कुळातली. जन्मदाखला नसलेल्या पिढ्यांचे ते जन्मटिपणच होते. वर्ष नव्हे, पण वार वा तिथी सांगणारे.

अशा नावाला सुशिक्षित लेखणीपासून मोठे भय असते. कारकून सद्हेतूने एक मात्रा चढवितो आणि 'तीजन'ची 'तेजन' होते. मग एका कागदावर एक बाई, दुसऱ्यावर दुसरी. आणि निवृत्तिवेतनाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या म्हातारीला, आपण दोघी नसून एकच आहोत, असे शपथेवर लिहून द्यावे लागते.