संकटसमयीचे नेतृत्व

हॉटेलचा धंदा मुळात विश्वासाचा. परक्या गावी आलेला पाहुणा आपली झोप आणि आपला जीव यजमानाच्या हवाली करतो. या विश्वासाची कठोर कसोटी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लागली. मागल्या दारांच्या वाटा ठाऊक असूनही तेथील कर्मचारी पळाले नाहीत; पाहुण्यांना बाहेर काढताना त्यांतील काहींनी प्राण गमावले. महाव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी व दोन मुले सहाव्या मजल्यावरील आगीत दगावली. तरीही ते सुटकेच्या कामावरून हटले नाहीत. महिना उलटण्यापूर्वीच, २१ डिसेंबरला, हॉटेलचा टॉवर विभाग पुन्हा उघडला.

असे धैर्य ऐनवेळी हुकूम सोडून निर्माण होत नसते. एरव्ही ज्या वाढप्याला साधा निर्णय घेण्याची मुभा नाही, तो संकटात कोणाच्या भरवशावर पुढे होणार? २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावरील हॉटेले ओस पडली होती. तशा वेळी कामगारांना वाऱ्यावर सोडणाऱ्या मालकाने पुढे त्यांच्याकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? नेतृत्वाची परीक्षा संकटात होते खरी. परंतु तिचा अभ्यास सुबत्तेच्या दिवसांतच करावा लागतो.